मोटारसायकलवरच्या गोणीपासून छोट्या हत्तीपर्यंत

आज खंडेनवमी, १ ऑक्टोबर २०२५. सकाळी गाडीतले सगळे खण रिकामे केले, पाने, पकडी, मीटर अंगणात मांडले, पुसले आणि हळदकुंकू लावून झेंडूची फुलं वाहिली. गेल्या खंडेनवमीला हीच हत्यारं तीन गोण्यांत होती आणि गोण्या मोटारसायकलवर. मोटारसायकलवरून या कपाटांच्या गाडीवर यायला मधल्या वर्षात काय काय करावं लागलं, किती पैसे गेले, हे आतापर्यंत सात-आठ जणांनी विचारलं. त्यात दोन वायरमन, एक प्लंबर आणि एसी दुरुस्त करणारा एक पोरगा. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

मी मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या बाजूला, विहिरी आणि बोअरवेलच्या पंपांची कामं करतो. पंप काढणं, सोडणं, मोटार रिवाइंडिंग (जळलेल्या मोटारीची तार नव्याने गुंडाळणं), स्टार्टर, अडल्यानडल्याला घरची वायरिंगसुद्धा. बावीस वर्षं झाली. एवढी वर्षं मोटारसायकलवर निभावलं, म्हणजे आणखीही निभावलं असतं. पण १४ ऑगस्ट २०२४ ला एका माडाच्या बागेत काम होतं, आणि वाटेत पावसाने गोणी गाठली. आतलं मेगर भिजलं. मेगर म्हणजे मोटारीच्या वायंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर. ६,८०० रुपयांचं होतं, ते त्या दिवसापासून शोभेचं झालं. वर क्रिम्पिंगचा पाना, म्हणजे वायरीचे सांधे दाबून बसवायचा, घरी राहिलेला. तो आणायला जाऊन-येऊन ३८ किलोमीटर, आणि बागेचा मालक छत्री धरून विहिरीच्या काठावर उभा.

रात्री बायकोने वही दाखवली. विसरलेली वस्तू न्यायला मी त्या महिन्यात किती वेळा घरी आलो याची ती नोंद ठेवत होती. १४ तारखेपर्यंत सात वेळा. महिनाअखेर अकरा. "बाराव्या वेळी चहा नाही मिळणार," म्हणाली.

आधी जुनी गाडी बघितली. दोन बघितल्या. वरून रंग झकास. हौद्याखाली वाकून स्क्रूड्रायव्हर टेकवला तर एकीत तो आरपार गेला. किनाऱ्यावर वाढलेली जुनी गाडी घेणार असाल तर चांगल्या कपड्यांत जाऊ नका. खाली झोपा, टॉर्च मारा, हौद्याच्या आडव्या पट्ट्या आणि मडगार्डच्या आतली बाजू टोचून बघा. आम्ही नवीनच घ्यायचं ठरवलं. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, पेट्रोलवाला, उघड्या हौद्याचा.

पैशांसाठी पहिला विचार पीएम विश्वकर्मा योजनेचा आला, कारण गावात सगळीकडे तिचीच चर्चा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली ती योजना अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. त्यात सुतार, लोहार, गवंडी आहेत, होडी बांधणारे आणि जाळी विणणारेही आहेत. वायरमन, प्लंबर, पंपवाला नाही. यादी न वाचता मी सेवा केंद्रात अर्धा दिवस रांगेत होतो, तसं तुम्ही करू नका. आमच्यासारख्यांना मुद्रा कर्ज, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीचं सरकारी योजनेतलं बँक कर्ज. ५०,००० पर्यंत शिशू, ५ लाखांपर्यंत किशोर, त्यावर तरुण. याला तारण लागत नाही, हे वाक्य पाठ करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दिवाळी झाल्यावर १२ नोव्हेंबरला उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली. आधार आणि पॅन घेऊन मोबाइलवरच होते, सरकारी फी शून्य. हेच काम करून देण्याचे एकाने माझ्याकडे १,२०० मागितले होते. फॉर्ममध्ये व्यवसाय निवडायची लांबलचक यादी असते. 'विहिरीत उतरून अडकलेला पंप सोडवणे' असा काही पर्याय नव्हता, मग विद्युत उपकरणांची दुरुस्ती निवडली.

१८ नोव्हेंबरला पहिल्या बँकेत गेलो. २० तारखेला विधानसभेचं मतदान, अर्धी शाखा निवडणुकीच्या कामाला. "पुढच्या आठवड्यात या." २६ ला गेलो. साहेबांनी कागद चाळले आणि दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागितली. माझी नव्हती. मग म्हणाले, जमिनीचा सातबारा ठेवा. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. ते हसले आणि फाइल ड्रॉवरमध्ये ठेवली. ९ डिसेंबरला परत गेलो तेव्हा ती त्याच ड्रॉवरमध्ये होती. त्यांनी नाही म्हटलं नाही, होही म्हटलं नाही. मला राग येण्यापेक्षा शरम वाटत होती, का ते अजून कळलेलं नाही. बावीस वर्षांत उधारी बुडवल्याचं कुणी सांगणार नाही, पण ते दाखवायला कागद कुठला आणायचा?

इथे बायकोची वही कामाला आली. ती गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, काम, घेतलेले पैसे सगळं लिहिते. २०१९ पासूनच्या सहा वह्या. ११ डिसेंबरला दुसऱ्या बँकेत त्या पिशवीत घालून नेल्या. तिथल्या बाईंनी खरंच पानं उलटली. आयकराचं विवरणपत्र एका वर्षाचं तरी भरून या म्हणाल्या, ते भरलं (सल्लागाराची फी १,५००), बारा महिन्यांचं खातं उतारा, यूपीआयची जमा, गाडीचं कोटेशन. १९ ला घर बघायला आले. वायंडिंगच्या टेबलाचा फोटो काढला, चहा घेतला. ३ जानेवारी २०२५ ला ४,४०,००० मंजूर, साडेदहा टक्के, पाच वर्षं, हप्ता ९,४५७. रस्त्यावर येईपर्यंत गाडी ५,४८,००० ला पडली, वरचे १,०८,००० आमचे.

हौद्यातल्या कपाटांचा खर्चही कर्जात बसवायचा होता. त्यासाठी जीएसटी नंबर असलेलं कोटेशन हवं होतं. ज्या मिस्त्रींकडून काम करून घ्यायचं होतं त्यांच्याकडे साधा लेटरहेडसुद्धा नाही. या पट्ट्यातल्या अर्ध्या गेट आणि ग्रिल त्यांच्या हातच्या आहेत, पण बँकेच्या लेखी ते नाहीतच. म्हणून तो खर्च घरचा. त्यात बायकोच्या बचत गटातून ४०,००० घेतले, महिन्याला एक टक्का व्याजाने.

गाडी १७ जानेवारीला घरी आली. लायसनवरून एक घोळ झाला. पिवळी नंबरप्लेट म्हणजे माझ्या साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर चालणार नाही, वेगळी नोंद करा, असं विम्याच्या माणसाने सांगितलं. मुलीने इंटरनेटवर शोधलं तर ६ नोव्हेंबर २०२४ लाच सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिलेला, की ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवायला हलक्या वाहनाचं लायसन पुरतं. दोन महिने जुना निकाल, तो त्या माणसापर्यंत पोचला नव्हता. परमिटचंही तसंच, एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. कुणी त्याचे पैसे मागितले तर विचारा कशाचे.

आता खरा प्रश्न होता हौद्याचा. माझ्या डोक्यात चारी बाजूंनी बंद, पत्र्याची, शटरवाली पेटी होती. ५ फेब्रुवारीला ओरोसला आरटीओत गेलो. लोक म्हणतात विचारायला जाऊ नये, विचारलं की नियम निघतात. मला उलटा अनुभव आला. खिडकीवर पाऊण तास गेला, पण मग ज्या साहेबांकडे पाठवलं त्यांनी नीट सांगितलं. आरसी बुकात उघडा हौदा लिहिलेला असताना कायमची बंद बॉडी बसवली तर तो गाडीतला बदल, त्याला आधी मंजुरी हवी. हौद्याच्या आत बोल्टने बसवलेली, काढता येणारी कपाटं, जी लांबी-रुंदीच्या बाहेर जात नाहीत, त्यांना त्यांची हरकत नव्हती. मी ते कागदावर लिहून दाखवलं, त्यांनी मान हलवली. तुम्ही तुमच्या कार्यालयात विचारा, आणि पत्रा कापायच्या आधी विचारा. निघताना साहेबांनी त्यांच्या घरच्या पंपाला हवा का धरते ते विचारलं. फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) बघा म्हटलं.

त्यांनीच आणखी एक सांगितलं. माल मागे, पुढे किंवा बाजूला बाहेर आला तर दंड २०,००० रुपये. पाइपवाल्यांनी हे लक्षात ठेवायचं, कारण जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, पाइप वीस फुटी आणि छोट्या हत्तीचा हौदा सव्वासात फुटी.

१० फेब्रुवारीला गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेलो. वय सत्तरीच्या आसपास, डाव्या भुवईवर ठिणगीचा जुना डाग. मी वहीत काढलेलं चित्र पुढे केलं. त्यांनी ते बघितलंच नाही.

"सामान खंय आसा तुझा?"

"घराक."

"मगे माप कसला घेव? तुझ्या कपाळाचा? उद्या सगळा घेवन ये. गंजलेलो पानोसुद्धा."

दुसऱ्या दिवशी सगळं नेलं. त्यांनी जमिनीवर ताडपत्री पसरली आणि एकेक वस्तू मांडायला लावली. चेन कुप्पी (पंप वर ओढायची साखळीची कप्पी), तिपाईचे तीन पाय, पाइप क्लॅम्पच्या चार जोड्या, पाइप पाने, नायलॉनचे दोर, मीटर, कपॅसिटर, कॉन्टॅक्टर, वायंडिंगची तार, चपट्या केबलची बंडलं. १८७ वस्तू झाल्या. मग खडू घेऊन माझ्या शेजारी बसले आणि विचारत गेले, ही दिवसातून किती वेळा काढतोस? ही उभ्याने काढतोस की वाकून? ही काढतोस तेव्हा दुसऱ्या हातात काय असतं? माझ्या कामाबद्दल बावीस वर्षांत कुणी इतकं विचारलं नव्हतं. बायकोने घरी आल्यावर चेहरा बघून विचारलं, काय झालं, भांडलात काय.

खडूची खूण एक म्हणजे रोज, दोन म्हणजे आठवड्याला, तीन म्हणजे कधीतरी. एकच्या वस्तू छातीच्या उंचीला, हौद्याच्या डाव्या बाजूला, कारण रस्त्याच्या कडेला गाडी लावली की डावी बाजू वाहनांपासून लांब राहते. हे मला सुचलं नसतं. जड ते सगळं खाली आणि केबिनच्या बाजूला. मागच्या टोकाला वजन गेलं की चढणीला पुढचं चाक हलकं होतं, आणि आमच्याकडे चढण नसलेला रस्ता कुठे आहे? क्रिम्पिंगचा पाना मी खालच्या खणात सुचवला. "हात जंय जाता थंय वस्तू आसूक व्हयी," म्हणाले, आणि तो दाराच्या आतल्या बाजूला आला. आजपर्यंत विसरलेला नाही.

पाइपांसाठी हौद्यावरून केबिनच्या वर जाणारी चौकट केली. गाडीची पूर्ण लांबी ३.८ मीटर, बोअरचे कॉलम पाइप (ज्यांवर पंप आत सोडतात ते) ३ मीटरचे, म्हणजे मागेपुढे काही बाहेर येत नाही. वीस फुटी पाइप मी आता दुकानदारालाच टेम्पोने पोचवायला सांगतो. शिडीही तीन मीटरची, उघडून लांब होणारी घेतली.

सगळ्यात जास्त वाद झाला तो लोखंडाचा. मला साधा पत्रा आणि वर पावडर कोटिंग हवं होतं, दिसायला फॅक्टरीसारखं. मिस्त्रींनी त्यांच्या दारातलं एक जुनं कपाट दाखवलं. कोटिंग दिसायला शाबूत, पण एका ओरखड्यातून आत शिरलेल्या गंजाने आतून पापडी सोडवलेली. खारा वारा आणि वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इथे ओरखडा न पडलेलं काय राहतं? शेवटी अठरा गेजचा जीआय पत्रा ठरला. पण जीआयला वेल्डिंग करायचं तर सांध्यावरचा जस्ताचा थर जातो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, वेल्डिंगच्या आर्कची उष्णता त्याच्या कितीतरी पुढे. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. जुने वेल्डर त्यावर दूध पितात. मिस्त्री म्हणाले, दूध पोटात जाता, धूर छातयेत. म्हणून त्यांनी आधी ग्राइंडरने सांध्याच्या दोन्ही बाजूंचा बोटभर जस्त घासून काढला, वाऱ्याकडे पाठ करून मास्क लावून वेल्ड मारला आणि मग प्रत्येक सांध्याला जस्ताच्या रंगाचे दोन हात दिले. जिथे जमेल तिथे वेल्डच टाळला, पत्रा दुमडून रिव्हेट मारले.

बोल्ट स्टेनलेसचे. दुकानात ३०४ आणि ३१६ असे दोन ग्रेड मिळतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, मिठाला तो जास्त टिकतो. फरक पंचवीस-तीस टक्क्यांचा, पण सगळे बोल्ट मिळून बिल २,९०० झालं, एवढ्यात कंजुषी करू नका. प्रत्येक खणाच्या खालच्या कोपऱ्यात पाणी जायला भोक. पाणी येऊ नये म्हणून रबर लावायचं, आणि तरी ते येणारच म्हणून भोक. गाडीच्या अंगाला मात्र एकही टाका नाही, सगळं बोल्टवर. कुणाला गाडीवरच वेल्डिंग करावं लागलं तर आधी बॅटरीच्या वायरी सोडा, नाहीतर गाडीचा कंप्युटर उडतो. कपाटांनी मागचे दिवे, नंबरप्लेट आणि रिफ्लेक्टरची पट्टी झाकली जात नाही ना, तेही बघा. आमची पट्टी एका बिजागरीखाली गेली होती, बिजागरी सरकवावी लागली.

पंधरा दिवस सांगितले होते. मध्ये आंगणेवाडीची जत्रा आली, मग कुणकेश्वर, मग एक पोरगा मुंबईला गेला, मग शिमगा. मी तिसऱ्या आठवड्यात एकदा चिडून गेलो. मिस्त्री एकटेच बसून खणाची कड कानशीने घासत होते. "बोट कापात तुझा, अंधारात," एवढंच म्हणाले. मी खाली बसलो आणि दुसरी कानस घेतली. त्या दोन महिन्यांचे हप्ते गाडी उभी असताना भरले, हे धरून चाला.

२२ मार्चला गाडी मिळाली. एकूण ८६,४००. त्यात पत्रा-अँगल ३१,२००, मजुरी २८,०००, खण सरकायचे जड चॅनेल ९,६००, बाकी बोल्ट, रंग, रबर, कुलपं, दिवे आणि त्यांची वायरिंग. वायरिंग मी केली, मिस्त्रींनी तपासली. वजनकाट्यावर आधी आणि नंतर गाडी नेली. कपाटांचं वजन २१४ किलो निघालं, हत्यारांचं २४०. म्हणजे पंप आणि पाइप धरून भार मर्यादेत राहतो, आणि काट्याची पावती गाडीत ठेवली आहे. विमा कंपनीला पत्र देऊन कपाटांची किंमत पॉलिसीत चढवून घेतली. आतली हत्यारं त्यात येत नाहीत, ते वेगळं विचारावं लागतं.

एक हळहळ आहेच. २२ सप्टेंबरपासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. आमची आठ महिने आधीची. बायकोने यावर वहीत काही लिहिलेलं नाही, हे तिचे उपकार.

पावसाची परीक्षा लवकरच झाली. २५ मेलाच मॉन्सून देवगडला पोचला, बागेत आंबे अजून झाडावर. त्या आठवड्यात रोज पाच-सहा पंप. एका घरी रात्री साडेआठला पोचलो, लाइट गेलेली, पाऊस आडवा. डावं दार उघडलं, आतला दिवा लागला, हात गेला तिथे पाना. घरमालकाने टॉर्च धरला होता तो नंतर गाडीच्या आतच मारत राहिला. "अरे हे दुकानच आणलंस," म्हणाले. पूर्वी हेच गृहस्थ दोनशे रुपयांवर पन्नास कमी करायचे. त्या रात्री केले नाहीत, बहुतेक पावसामुळे.

सगळं जमलंय असं नाही. उजवीकडचा खालचा खण गुडघ्याला लागतो. एका खणात ठेवायला काहीच उरलं नाही, त्यात डबा आणि छत्री असते. हौद्यावरची ताडपत्री मी स्वस्त घेतली, ती जुलैत फाटली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मिस्त्रींचा फोन आला, विहिरीवरचा पंप बंद. गेलो. कपॅसिटर गेला होता, वीस मिनिटांचं काम. तोवर ते पंपाकडे न बघता माझ्या गाडीभोवती फिरत होते. प्रत्येक खण ओढून बघितला, सांध्यांवर नख फिरवलं. मागच्या कोपऱ्यातल्या एका वेल्डवर मसुराच्या डाळीएवढा तांबडा ठिपका निघाला. त्यांचा चेहरा उतरला.

"ह्यो माझो. गणपती झाल्यार हाड."

सप्टेंबरमध्ये नेली. घासून, जस्त मारून, रंग देऊन अर्ध्या तासात दिली आणि ३०० रुपये घेतले. पंपाचे मी त्यांच्याकडून ७०० घेतले होते.